हातभर अंतरावरून न्यूयॉर्क

जून १९८९ मध्ये आपण वेगवेगळ्या प्राथमिक शाळांतून चौथी पास होऊन हायस्कूलच्या पाचवीत आलो. नव्या गणवेशाची घडी अजून मोडायची होती. त्याच पावसाळ्यात, ४ जुलैला, न्यूयॉर्कमध्ये नेल्सन सलिव्हन नावाचा एक्केचाळीस वर्षांचा माणूस हृदयविकाराच्या झटक्याने गेला. आपल्यापैकी कुणाचाही त्याच्याशी संबंध नव्हता. तरीही स्मरणिकेसाठी लिहायचं ठरल्यावर मला पहिल्यांदा तोच आठवला.

संपादक मंडळाचा निरोप होता, "तू आयटीतली, त्यावर काहीतरी लिही." आयटीवर लिहिलेलं कुणी वाचत नाही, हे वीस-बावीस वर्षांच्या नोकरीत कळलं आहे. पण व्हिडिओ साठवणं आणि शोधणं हा माझ्या रोजच्या कामाचा विषय, आणि त्या वाटेवर हा माणूस भेटला. हल्ली लक्ष्मी रोडवर, किल्ल्यावर, अगदी लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी हात लांब करून फोनकडे बघत बोलत असतं. आपलीही मुलं ते करतात. ही सवय फोनबरोबर आली असं आपण धरून चालतो. सलिव्हन हे १९८० च्या दशकात करत होता, आणि त्यासाठी त्याच्या हातात होता एक कॅसेटचा कॅमेरा.

त्याचा जन्म १९४८ चा, अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या साउथ कॅरोलिना राज्यातल्या केरशॉ या छोट्या गावातला. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तो न्यूयॉर्कला आला. कार्नेगी हॉल या प्रसिद्ध संगीतसभागृहाजवळ पाश्चात्त्य संगीताच्या छापील स्वरलिपी विकणारं पॅटेल्सन नावाचं नामांकित दुकान होतं, तिथे तो नोकरी करायचा. दिवसा दुकानात, आणि संध्याकाळी कॅमेरा घेऊन बाहेर. वर्तमानपत्र, टीव्ही वाहिनी, चित्रपट कंपनी यांपैकी कुणीही त्याला हे काम सांगितलेलं नव्हतं. तो समलिंगी होता. लहान गावातून आलेल्या अशा अनेक तरुणांसारखा तोही या महानगरात आपली माणसं शोधत आला होता.

तो राहायचा ५ नाइन्थ ॲव्हेन्यू या पत्त्यावर, मॅनहॅटनच्या मीटपॅकिंग डिस्ट्रिक्टमध्ये. नाव सांगतं तसाच तो भाग होता: मांसाचा घाऊक बाजार. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे सुमारे अडीचशे खाटीकखाने आणि मांस बांधणीचे कारखाने होते. सलिव्हनच्या काळात ते कमी झाले होते, तरी पहाटे ट्रक यायचे आणि आकड्यांना टांगलेलं मांस आत जायचं. दगडी फरशांचे रस्ते आणि डोक्यावर मालगाड्यांचा गंजलेला उन्नत मार्ग. त्या मार्गावरून शेवटची गाडी १९८० मध्ये गेली होती. प्रतिष्ठित लोक तिथे राहायला येत नसत, त्यामुळे कलाकार, गायक आणि बेकार माणसांना तो भाग परवडायचा. सलिव्हनचं जुनं विटांचं घर या मंडळींची धर्मशाळाच झालं होतं. कुणी रात्रीपुरतं यायचं, कुणी महिनोन्‌महिने राहायचं.

त्याच्या आधी कुणी स्वतःच्या आयुष्याची चित्ररोजनिशी ठेवलीच नव्हती असं नाही. लिथुआनियातून विस्थापित होऊन १९४९ मध्ये न्यूयॉर्कला आलेला योनास मेकास १६ मिलिमीटरच्या बोलेक्स कॅमेऱ्यावर वर्षानुवर्षं आपले दिवस टिपत होता. त्याचा 'वॉल्डेन' हा रोजनिशीपट १९६९ मध्ये आला. पण फिल्मची अडचण समजून घ्या. शंभर फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. बोलेक्सला घड्याळासारखी चावी द्यावी लागते आणि एका चावीत जेमतेम अर्धा मिनिट चित्रण होतं. आवाज वेगळा नोंदवायचा, आणि रीळ धुऊन येईपर्यंत काय मिळालं ते कळत नाही. म्हणून मेकासच्या चित्रपटांत क्षण चमकून जातात: बर्फ, एक चेहरा, खिडकी. संभाषण चाललं आहे आणि आपण त्यात बसलो आहोत, असं तिथे घडत नाही.

व्हिडिओने ते गणित बदललं. १९६७ मध्ये सोनीने 'पोर्टापॅक' काढला: हातात कॅमेरा, खांद्यावर रेकॉर्डर, चित्र काळं-पांढरं. १९७६ मध्ये व्हीएचएस कॅसेट आली. पुढे १९८३ मध्ये कॅमेरा आणि रेकॉर्डर एकाच खोक्यात बसवलेला पहिला घरगुती कॅमकॉर्डर आला, आणि १९८५ मध्ये ऑडिओ कॅसेटएवढ्या छोट्या कॅसेटवर चालणारा ८ मिलिमीटरचा सोनीचा हँडीकॅम. एका कॅसेटमध्ये आता दोन तास चित्र आणि आवाज एकत्र मावत होते, आणि नको असेल तर त्याच कॅसेटवर पुन्हा घेता येत होतं. फिल्मवाल्याला प्रत्येक सेकंदाचा खर्च मोजावा लागे. कॅसेटवाल्याला कॅमेरा चालू ठेवून नुसतं चालत राहणं परवडू लागलं.

सलिव्हनने सुरुवात अवजड व्हीएचएस कॅमेऱ्याने केली. मित्रांच्या घरातल्या मैफली, तळघरातले क्लब, रस्त्यावरचे कार्यक्रम तो टिपायचा, आणि सगळ्या कॅमेरावाल्यांप्रमाणे स्वतः कॅमेऱ्यामागे असायचा. दशकाच्या उत्तरार्धात त्याने हलका ८ मिलिमीटरचा कॅमेरा घेतला. मग त्याने जे केलं, त्यामुळे आज त्याचं नाव घेतलं जातं. त्याने कॅमेरा स्वतःकडे वळवला.

यात काय मोठं, असं वाटेल. तेव्हाच्या कॅमेऱ्यांना बाजूला उघडणारा पडदा नव्हता. तो घरगुती कॅमेऱ्यांत १९९० च्या दशकात आला. कॅमेरा आपल्याकडे फिरवला की त्यात काय दिसतं आहे हे घेणाऱ्याला कळत नसे. शिवाय साध्या भिंगाने हातभर अंतरावरून घेतलं तर चौकट चेहऱ्यानेच भरून जाते, मागचं काही उरत नाही. सलिव्हनने त्यावर माशाच्या डोळ्यासारखं फुगीर, खूप रुंद दिसणारं भिंग लावलं. आता त्याचा चेहरा एका बाजूला आणि उरलेल्या चौकटीत अख्खा रस्ता मावू लागला. बाकीचं त्याने सरावाने जमवलं. हात किती लांब, मनगट किती वळवायचं, पायऱ्या उतरताना कोपर कसं सैल ठेवायचं. त्याचं चित्रण बघताना कित्येकदा वाटतं की समोरून दुसरंच कुणी कॅमेरा धरून उलटं चालत आहे. तो मात्र एकटाच असतो.

याचा एक परिणाम मला तंत्राइतकाच महत्त्वाचा वाटतो. कॅमेऱ्यामागचा माणूस दिसत नाही तेव्हा आपण बघे असतो. सलिव्हन चौकटीत आला आणि प्रेक्षक त्याच्या शेजारून चालू लागला. दक्षिणेकडच्या मऊ हेलात तो हळू आवाजात सांगतो: आपण आता अमक्याकडे चाललो आहोत, हा रस्ता अमुक, ही बघा कोण भेटली. भाषण नाही, आरडाओरडा नाही. गावातला एखादा मामा आपल्याला बाजारातून हिंडवून आणतो ना, तसं.

आणि तो काय दाखवतो? क्लब आहेतच. जुन्या चर्चच्या इमारतीत थाटलेला 'लाइमलाइट', रेल्वेच्या जुन्या मालगोदामातला 'टनेल', ॲव्हेन्यू ए वरचा छोटा 'पिरॅमिड क्लब'. त्या 'पिरॅमिड'मधल्या कलाकारांनी टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये सुरू केलेल्या 'विगस्टॉक' या उघड्यावरच्या महोत्सवाची सुरुवातीची वर्षंही त्याच्या कॅसेटवर आहेत. पण मला खिळवून ठेवतात ते यांच्या मधले तुकडे. घरातून निघण्यापूर्वीचा गोंधळ, टॅक्सी शोधणं, भुयारी रेल्वेत मित्रांबरोबर कोनी आयलंडच्या समुद्रकिनारी जाणं, 'ब्लॅकआउट' नावाच्या कुत्र्याला फिरवणं, दारात उभं राहून आत जावं की नाही यावर वाद. कुठलाही वार्ताहर या गोष्टींवर कॅसेट खर्च करणार नाही. चाळीस वर्षांनी बघताना मात्र नेमकं हेच दिसत असतं: दुकानांच्या पाट्या, सार्वजनिक टेलिफोन, लोक किती वेगाने चालायचे, एकमेकांशी कसं बोलायचे, भेटण्यासाठी किती वाट बघायचे.

त्याच्या मित्रांत स्त्रीवेशात गाणारे-नाचणारे पुष्कळ कलाकार होते. बालगंधर्वांचं नाव आदराने घेणाऱ्या आपल्या मुलखाला पुरुषाने शालू नेसून गाणं नवं नाही. पण या मुलांना नाटक कंपनीचा आश्रय नव्हता आणि राजाश्रय तर नव्हताच. ती बहुतेक घरच्यांपासून तुटलेली, हाताशी पैसे नसलेली, विनोदावर आणि धाडसावर जगणारी होती. त्यांतला अटलांटाहून आलेला एक उंच मुलगा काही काळ सलिव्हनच्या घरी राहायचा. त्याचं नाव रूपॉल. पुढे 'सुपरमॉडेल' हे त्याचं गाणं गाजलं आणि २००९ पासून त्याचा टीव्हीवरचा स्पर्धाकार्यक्रम जगभर पाहिला जाऊ लागला. सलिव्हनच्या कॅसेटवर तो अजून कुणीच नाही. रस्त्यातल्या अनोळखी माणसांशी गप्पा मारतो, हसतो, आणि आपण एक दिवस मोठे होणार हे तेव्हाच सांगून टाकतो.

त्या हसण्यामागचा काळही सांगायला हवा. १९८१ च्या जूनमध्ये अमेरिकेत एका नव्या आजाराची पहिली वैद्यकीय नोंद छापून आली. तो पुढे एड्स म्हणून ओळखला गेला. १९८९ च्या उन्हाळ्यात त्या देशात नोंदलेल्या रुग्णांचा आकडा एक लाखावर गेला, आणि न्यूयॉर्कच्या समलिंगी वस्तीत तरण्याताठ्या माणसांच्या अंत्यविधीला जाणं हा सवयीचा भाग झाला. सलिव्हनच्या चित्रणात दिसणाऱ्या चेहऱ्यांपैकी कितीतरी पुढे या आजारात गेले. काहींना घरच्यांनी शेवटपर्यंत जवळ केलं नाही. त्या माणसांचं चालणं, बोलणं, चिडवणं, उशिरा येऊन सबबी सांगणं, हे जिवंत स्वरूपात कुठे उरलं असेल तर त्या कॅसेटवर. तो दुःखाचा माहितीपट करत नव्हता. मंगळवारची एक संध्याकाळ टिपत होता, इतकंच.

शहरही बदलत होतं. ६ ऑगस्ट १९८८ च्या रात्री त्याच टॉम्पकिन्स स्क्वेअर पार्कमध्ये रात्रीच्या बंदीवरून पोलीस आणि लोक यांच्यात मोठी चकमक झाली. महागणारी घरभाडी आणि हुसकावले जाणारे गरीब रहिवासी यांचा राग तिच्या मुळाशी होता. क्लेटन पॅटर्सन या कलाकाराने ती रात्र तासन्‌तास व्हिडिओवर घेतली. पोलिसांच्या मारहाणीचा तो पुरावा ठरला आणि मूळ कॅसेट सरकारच्या ताब्यात द्यायला नकार दिल्याबद्दल पॅटर्सनला तुरुंगातही जावं लागलं. त्याच शहरात, त्याच वर्षांत, त्याच यंत्राचे हे दोन उपयोग. एका कॅसेटवर न्यायालयात लढाई झाली. दुसऱ्याच्या कॅसेटची कुणाला खबरही नव्हती, आणि तरी त्याच बदलत्या शहराची साक्ष तीही देत होती, गल्ली-गल्लीने.

सहा-सात वर्षांत सलिव्हनने हजाराहून जास्त तासांचं चित्रण केलं. म्हणजे नोकरी सांभाळून महिन्याला बारा-चौदा तास, सातत्याने. हे दाखवायचं कुठे हा प्रश्न होताच. इंटरनेट सामान्य माणसापर्यंत पोहोचलं नव्हतं. वाट एकच होती: अमेरिकेतल्या केबल कंपन्यांच्या सार्वजनिक वाहिन्या, जिथे कुठल्याही नागरिकाला आपला कार्यक्रम दाखवता यायचा. १९८९ मध्ये त्याने नोकरी सोडली. आता पूर्ण वेळ आपला केबल कार्यक्रम करायचा, असं ठरवलं. त्यानंतर लगेचच, ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी तो गेला. आदल्या दिवशीही कॅमेरा त्याच्या हातात होता.

यूट्यूबवरचा पहिला व्हिडिओ २३ एप्रिल २००५ चा आहे. जावेद करीम हा त्या कंपनीच्या संस्थापकांपैकी एक तरुण प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून एकोणीस सेकंद बोलतो. सलिव्हनला जाऊन तेव्हा जवळजवळ सोळा वर्षं झाली होती.

इथे गोष्ट संपायला हवी होती. एकटा राहणारा माणूस अचानक जातो, घर रिकामं करायचं असतं, आणि कोपऱ्यात काळ्या कॅसेट्सची चळत. अशा चळतीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. आपल्याकडे भंगारवाला, तिकडे कचऱ्याचा ट्रक. सलिव्हनच्या कॅसेट्स वाचल्या त्या डिक रिचर्ड्स या मित्रामुळे. रिचर्ड्स अटलांटाचा. तिथे 'द अमेरिकन म्युझिक शो' हा सार्वजनिक केबल वाहिनीवरचा कार्यक्रम करणाऱ्यांपैकी तो एक. रूपॉल आधी त्याच कार्यक्रमात झळकला होता. साध्या माणसाच्या कॅसेटचं मोल त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याने त्या अटलांटाला नेल्या आणि वर्षानुवर्षं सांभाळल्या. डेव्हिड गोल्डमन आणि रॉबर्ट कॉडिंग्टन यांच्या साथीने त्यांतले भाग तयार करून 'फाइव्ह नाइन्थ ॲव्हेन्यू प्रोजेक्ट' या नावाने लोकांसमोर आणले. पुढे हा संग्रह न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयाकडे गेला. संशोधक आता तो इतिहासाचं साधन म्हणून वापरतात.

माझ्या धंद्यातल्या माणसाला या वाक्यांमागची मेहनत दिसते. कॅसेट म्हणजे प्लॅस्टिकच्या फितीवर डिंकासारख्या लेपाने चिकटवलेली लोहचुंबकीय भुकटी. दमट हवेत लेप चिकट होतो, बुरशी धरते, चुंबकीय खुणा मंदावतात. डिजिटल फाइलची प्रत काही सेकंदांत होते, पण कॅसेट उतरवायला तिच्या लांबीएवढाच वेळ लागतो. हजार तास म्हणजे रोज आठ तास बसलं तर एकशे पंचवीस दिवस, आणि तेही यंत्र एकदाही अडलं नाही तर. त्यानंतर खरं काम सुरू होतं: हा कोण, ही जागा कुठली, वर्ष कोणतं. हे संगणकाला कळत नाही. तिथे असलेलं माणूसच सांगू शकतं, आणि ते माणूस म्हातारं होत असतं. सलिव्हनने एक उपकार करून ठेवला होता. तो कॅमेऱ्यात बोलायचा, भेटणाऱ्याला नावाने हाक मारायचा, कुठे चाललो ते सांगायचा. त्याची यादी त्याच्या आवाजातच होती.

२०१८ मध्ये कामासाठी मी चार महिने जर्सी सिटीत होते. एका रविवारी पाथ रेल्वेने चौदाव्या रस्त्यावर उतरले आणि पश्चिमेकडे चालत गेले. नाइन्थ ॲव्हेन्यूच्या टोकाला ते विटांचं जुनं घर अजून आहे. मधल्या काळात त्यात उपाहारगृहही चालून गेलं. भोवती महागड्या कपड्यांची दुकानं. गंजलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर २००९ पासून 'हाय लाइन' नावाचं उद्यान झालं आहे आणि त्यावर जगभरचे पर्यटक, बहुतेक सगळे हात लांब करून स्वतःचं चित्रण करत चालले होते. मांसाच्या बाजाराच्या खुणा मला कुठे आढळल्या नाहीत. सलिव्हनचं नाव सांगणारी पाटी मला दिसली नाही. त्याच्या चित्रणात बघून माझ्या ओळखीचे झालेले दगडी रस्ते मात्र पायांखाली होते.

आता आपल्याकडे येते. या स्मरणिकेसाठी जुन्या वस्तू गोळा करताना आपल्या एका मैत्रिणीच्या माळ्यावर १९९५ च्या स्नेहसंमेलनाची व्हीएचएस कॅसेट सापडली. ई-१८०, वर बॉलपेनने लिहिलेलं 'गॅदरिंग, १०वी', आणि कडेने पांढरी बुरशी. जगातल्या शेवटच्या कंपनीनेही व्हीसीआर बनवणं २०१६ मध्ये थांबवलं आहे, त्यामुळे चालू यंत्र शोधण्यात तीन आठवडे गेले. पुण्यात एका जुन्या लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे ते मिळालं. त्याने फीत हाताने पुसली, आणि तीन तासांतले दोन तास दहा मिनिटं उतरली.

त्यातलं बरंचसं तुम्ही न बघताही सांगाल. प्रमुख पाहुण्यांचं भाषण, नारळ, शाल, बक्षीस समारंभ, आणि दर पाच मिनिटांनी चमकणारी स्टुडिओची जाहिरात. पण सुरुवातीला, कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी, शूटिंगवाल्याने कॅमेरा चालू करून पाहिला असावा. सात मिनिटं तो नुसता मैदानात फिरतो आहे. बाकं ओढणारी मुलं. नववीच्या वर्गाच्या ओट्यावर मराठीच्या बाई कुणाच्या तरी केसांत गजरा माळत आहेत. हातात टोल घेऊन उभे असलेले शिपाईकाका कॅमेरा दिसताच टोपी सरळ करतात. मागे जुनी कौलारू इमारत, जी आता नाही. पाण्याच्या टाकीवर चढलेला एक मुलगा हात हलवतो. तो आपला मित्र सहा वर्षांपूर्वी गेला. त्याच्या आईने हे बघितलं आणि पुन्हा लावायला सांगितलं. त्याचा आवाज असलेली दुसरी कुठलीही वस्तू त्यांच्या घरात नाही.

या सात मिनिटांत मी आणि समितीतल्या दोघांनी मिळून एकतीस चेहरे मोजले. एकोणीस ओळखले. बारा राहिले. त्यांत एक शिक्षिका आहेत, बहुधा एकाच वर्षासाठी आलेल्या, आणि शिपाईकाकांच्या शेजारी उभी असलेली एक लहान मुलगी. शिपाईकाकांना आपण 'काका' म्हणत होतो. त्यांचं पूर्ण नाव आम्हा तिघांपैकी कुणाला सांगता आलं नाही.

सलिव्हनकडून आपल्याला घेण्यासारखं यातच आहे. आपल्या गटावर रोज पन्नास क्लिप पडतात आणि रात्री जागा करण्यासाठी पुसल्या जातात. या मेळाव्याच्याही हजारो निघतील. त्यांतल्या बहुतेक व्यासपीठाच्या असतील, आणि त्या गेल्या तरी फारसं बिघडणार नाही. निदान काही जणांनी फोन उलटा धरून, चालत चालत, जेवणाच्या रांगेत, पार्किंगमध्ये, ज्याला भेटाल त्याला नावानिशी हाक मारून चित्रण करा. आज कोणती तारीख, आपण कुठे आहोत, बरोबर कोण आहे हे तोंडाने बोला. मग ते समितीकडे द्या. एक प्रत शाळेत, एक समितीकडे, एक गावाबाहेर कुणाकडे तरी ठेवायची, आणि दर पाच वर्षांनी उघडून नव्या जागी उतरवायची, असं ठरलं आहे. ती जबाबदारी मी घेतली आहे. माझ्यानंतर कोण घेणार, हे मात्र आपल्याला एकत्र बसून ठरवावं लागेल. डिक रिचर्ड्स नशिबाने मिळतो, पण आपण तो निवडून ठेवू शकतो.

मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता, चहानंतर, चित्रकलेच्या हॉलमध्ये ती सात मिनिटं पडद्यावर दाखवणार आहोत, थांबवत थांबवत, एकेक चेहरा. सर, बाई, तुम्ही कृपया पुढच्या रांगेत बसा. चष्मा आणायला विसरू नका. बारा नावं राहिली आहेत.